पिवळ्या नांगराचा आकडा

माझा धंदा काटे दुरुस्त करायचा. वजनाचे काटे. वाण्याचे, दवाखान्यातले, भंगारवाल्यांचे. भंगारवाल्यांचे जरा जास्तच बिघडतात, का ते मी सांगत बसत नाही. तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एकही काटा खोटं बोललेला नाही, असं मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचो. म्हणून बोटवाल्या मंडळींनी नांगरांची परीक्षा घ्यायचं ठरवलं तेव्हा आकडा वाचायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. माझी स्वतःची बोट नाही, पाण्यात पाय घातला की मला शिंका येतात. पण माझ्याकडे काटा आहे.

आमच्या धक्क्यावर लहानमोठ्या सतरा बोटी. तळ सगळा चिखलाचा, वर लोण्यासारखा मऊ आणि खाली चिवट. विकत आणलेले नांगर त्यात रुतायचे सोडून घसरत जातात. आधी सगळ्यांनी आपापल्या नांगराला शिव्या घातल्या, मग दुकानदाराला, मग एकमेकांना. शेवटी वेल्डरबाई वैतागली.

"नुसतं बोंबलत काय बसलाय?" ती म्हणाली. "लोखंड माझ्याकडे ढीगभर पडलंय. ज्याला जसा सुचेल तसा नांगर कागदावर काढून आणा, मी जोडून देते. मग ओढून बघू कुठला टिकतो ते."

झालं, सगळ्यांच्या अंगात कारागीर संचारला. बेकरीवाल्याने पीठ मळायच्या जुन्या यंत्राचा वाकडा हात काढून आणला. दातांच्या डॉक्टरांनी सात कागद भरून आकृत्या काढल्या. त्यांचं म्हणणं असं, की दाढ काही वजनाने तोंडात बसलेली नसते, मुळांनी बसलेली असते, आणि ती उपटताना किती घाम फुटतो ते त्यांना विचारावं. वेल्डरबाईने नियम घातला, की प्रत्येक नांगराला रंग द्यायचा, नाव द्यायचं नाही, आणि आपला नांगर आपण ओढायचा नाही. "नाहीतर तुम्ही लोक स्वतःच्या नांगरासाठी हळू ओढाल," ती म्हणाली. कुणी वाद घातला नाही, कारण सगळ्यांनी तेच करायचं मनात ठरवलेलं होतं.

मला या सगळ्यात रस होता तो माझ्या ताईमुळे. ताई चष्म्याचं दुकान चालवते. भाऊजी निवृत्त बसचालक. त्यांनी सात वर्षं खपून स्वतःच्या हाताने एक बोट बांधली. रविवारी दोघं ती घेऊन जायचे, नांगर टाकायचे, जेवायचे आणि बोटीतच दुपारची झोप काढायचे. त्यासाठी बोटीत दोन उशा कायमच्या ठेवलेल्या असत. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी दोघं गाढ झोपलेले असताना नांगर सुटला आणि बोट गुपचूप चालत जाऊन खडकांवर आदळली. ताईचं गळपट्टीचं हाड मोडलं. हाड जुळलं, बोटही दुरुस्त झाली, पण ताईने पुन्हा बोटीत पाय ठेवला नाही. दोन्ही उशा तिने दुकानातल्या कपाटावर फेकल्या, आणि एकटं जायलाही भाऊजींना बंदी घातली. एक गिऱ्हाईक बोट बघून गेलं होतं आणि उत्तराची वाट बघत होतं.

परीक्षेचं कळलं तेव्हा ताई मला म्हणाली, "मला तुमच्या आकृत्या कळत नाहीत. तू आकडा सांग. दोनशे किलोची ओढ सहन करणारा नांगर निघाला, तर बोट राहील. नाहीतर गेली."

"दोनशेच का?"

"तीन माणसांचं वजन. आणि तू सांगशील तो आकडा मी मानेन. बाकीच्यांचा नाही."

एवढा मान ताईने मला जन्मात कधी दिला नव्हता. मी फुगलो.

रविवारी ओहोटीला चिखल उघडा पडला की परीक्षा सुरू व्हायची. धक्क्यावरच्या शेडच्या ओट्यावर दोर गुंडाळून ओढणारी, हाताने फिरवायची विंच बसवलेली आहे. ती नेमकी बाजूला तोंड करून असल्याने दोर आधी धक्क्याच्या जाड लोखंडी खुंट्याभोवती वळवावा लागे आणि मग खाली चिखलातल्या नांगराकडे नेता येई. माझा लटकता काटा आम्ही विंच आणि खुंट्याच्या मध्ये दोरात अडकवला, कारण तिथे शेडची सावली होती आणि माझी खुर्चीही मावत होती. मी खुर्चीत बसून चष्मा पुसायचो आणि मोठ्याने आकडे वाचायचो. लोक श्वास रोखून ऐकायचे. मला फार आवडायचं ते.

आणि काय काय बघायला मिळालं! भाऊजींनी हिरवा नांगर केला होता, बादलीत सिमेंट ओतून, सगळ्यांत जड. दोघांनी उचलून नेऊन चिखलात ठेवला. विंच फिरली तसा तो म्हशीच्या संथपणाने सरळ चालत आला. अडतीस. त्याच्या अर्ध्या वजनाचा, दोन पत्र्यांचा लाल नांगर एकशे दहाला पोचला. बेकरीवाल्याचा वाकडा हात आधी झकास रुतला, मग जागच्या जागी गिरकी घेऊन वर आला. डॉक्टर गुडघाभर चिखलात उतरून प्रत्येक नांगराने पाडलेला चर बोटांनी मोजायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी शोध लावला, की दोर वरून तिरका ओढला तर नांगर उपटतो आणि जमिनीलगत ओढला तर आणखी खोल शिरतो. मग नांगर आणि दोर यांच्यामध्ये जड साखळी लावली, ती दोराला खाली दाबून धरी. लाल नांगर त्याच दिवशी एकशे चाळीसला गेला. वजनाच्या धंद्यात जन्म घालवलेल्या मला कळलं, की इथे वजनाला काडीची किंमत नाही.

पाचव्या रविवारी पिवळा नांगर आला. टोकदार फाळाचा, डॉक्टरांच्या आकृतीचा, वेल्डरबाईने तीनदा तोडून जोडलेला. विंचवर बेकरीवाला आणि भाऊजी. एकशे पन्नास. एकशे ऐंशी. नांगर चिखलात दिसेनासा झाला होता. "दोनशे!" मी ओरडलो. "दोनशे बारा!" मग कुठे तो जरासा सरकला.

भाऊजींनी विंचचं हँडल सोडून मला खुर्चीसकट मिठी मारली. "मेहुणे," एवढंच म्हणाले, आणि फोन लावायला पळाले. ताई फोनवर म्हणाली, ठीक आहे, गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवते.

सगळे चहाला गेले. मी दोर गुंडाळायला मागे राहिलो. गुंडाळता गुंडाळता तोल सावरायला खुंट्यावर हात टेकला आणि पटकन मागे घेतला. खुंटा गरम होता. दिवसभर आभाळ भरलेलं, ऊन नव्हतंच. दोर जिथे वळत होता तेवढीच पट्टी गरम होती, बाकी लोखंड थंडगार. पट्टीला जळक्या दोराचा वास येत होता.

दोर घासून लोखंड तापवायला जोर लागतो. तो जोर विंचने दिला होता, काट्याने मोजला होता, आणि नांगरापर्यंत तो पोचलाच नव्हता. मी बसलो होतो खुंट्याच्या अलीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी दोन काटे घेऊन धक्क्यावर गेलो. एक नेहमीच्या जागी लावला. दुसरा खुंट्याच्या पलीकडे, दोराच्या टोकाला, आणि तो खडकातल्या कडीला अडकवला. विंच फिरवून अलीकडच्या काट्यावर शंभर आणले आणि खाली जाऊन पलीकडचा वाचला. बासष्ट. काट्यांची अदलाबदल करून पाहिलं. पुन्हा बासष्ट. म्हणजे पिवळ्या नांगराचे दोनशे बारा खरे होते एकशे तीसच्या आसपास. काटा खोटं बोलला नव्हता. मी त्याला सावलीत बसवून भलताच प्रश्न विचारला होता.

खरं सांगतो, अर्धा तास मी तिथेच बसून राहिलो. कुणालाही कळलं नसतं. पिवळा नांगर सगळ्यांत चांगला होता, हे तर कुठूनही मोजलं तरी तसंच राहत होतं. ताई आकड्यावर विसंबून बोटीत बसली असती, भाऊजी खूश झाले असते. पण ती बोटीत झोपणार होती, माझ्या आकड्याच्या भरवशावर. उठलो आणि तिच्या दुकानात गेलो.

ताई भिंगाची कड घासत होती. मी सगळं सांगितलं, खुर्चीसकट. तिने यंत्र बंद केलं.

"सावलीसाठी?" तिने विचारलं.

"सावलीसाठी."

"लहानपणापासून तसाच आहेस." मी कपाटावरच्या उशांकडे बघत होतो, त्यांच्यावर धूळ साचली होती. मग तिने अचानक विचारलं, "आणि बोट किती ओढते?"

"म्हणजे?"

"वारा आला की बोट नांगराला ओढते ना? किती किलोने?"

"ते... कुणी मोजलं नाही."

"पाच रविवार चिखलात लोळून कुणी मोजलं नाही?" ताईने कपाळावर हात मारला. "अरे, चष्म्याचा नंबर डोळा बघून काढतात. तुम्ही सगळे मिळून नुसते चष्मेच तपासताय. डोळा कुणी तपासायचा?"

"तूच दोनशे म्हणालीस!"

"मी घाबरले होते म्हणून म्हणाले. तो आकडा नव्हताच." तिने भिंग कापडाने पुसलं. "गिऱ्हाइकाला अजून कळवलं नाहीये. थांब म्हणते पंधरा दिवस. नांगर नीट मोजा, मग बोट मोजा, चांगल्या वाऱ्यात. बोटीच्या ओढीच्या दुप्पट नांगर टिकत असेल तर बोट राहील. एक किलो कमी निघाला तरी विकायची."

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. वेल्डरबाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बेकरीवाल्याने माझी खुर्ची उचलून शेडच्या छपरावर ठेवली, आणि ती अजून तिथेच आहे. या वेळी काटा साखळीला लागून बांधला आणि मी मांडीभर चिखलात उभा राहून, शिंका देत, आकडे वाचले. पिवळा नांगर, तीनदा ओढून, एकशे एकतीस. टाळ्या वाजल्या नाहीत. भाऊजी बोटीच्या कडेवरून उगाचच हात फिरवत राहिले.

वारा गुरुवारी आला. शेडचे पत्रे वाजू लागले तसा भाऊजींचा फोन आला. धक्क्यावर पोचलो तर ताई आधीच उभी, ओठ घट्ट मिटलेले, काखेत दोन्ही उशा.

"उशा कशाला?" भाऊजींनी भीतभीत विचारलं.

"बसायला. फळी टोचते," ती म्हणाली, आणि माझा दंड पकडून बोटीत उतरली. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

खडकांपासून लांब जाऊन भाऊजींनी पिवळा नांगर सोडला, साखळी सोडली, दोर सोडला. मी पुढच्या टोकाला पालथा पडून दोर आणि बोटीची कडी यांच्यामध्ये काटा अडकवला. ताईने किनाऱ्यावरचा दिव्याचा खांब आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत धरली. रेष मोडली तर बोट सरकली, हा तिचा हिशोब. डोळ्यांच्या बाबतीत तिला कुणी शिकवू नये.

वीस. एकतीस. बोट वाऱ्यात डावी-उजवीकडे झुलायची आणि प्रत्येक झोक्याच्या टोकाला सुई उडी मारायची. चव्वेचाळीस. मी प्रत्येक आकडा ओरडून सांगत होतो आणि शिंकत होतो. त्रेपन्न. वारा आणखी चढला. अठ्ठावन्न. मनात दुप्पट केलं. एकशे सोळा. पासष्टच्या पुढे सुई गेली की बोट गेली. मी सुईकडे असा बघत होतो जणू डोळ्यांनीच तिला दाबून धरणार होतो. तास झाला. अठ्ठावन्नच्या पुढे ती गेली नाही. एकदा पन्नास, मग सत्तेचाळीस, मग पुन्हा पन्नास.

"ताई, अठ्ठावन्न! सगळ्यात जास्त अठ्ठावन्न!" म्हणत मी मागे वळलो. भाऊजींनी घाईघाईने हाताने गप्प बसायची खूण केली.

ताई फळीवर आडवी झाली होती. एक उशी डोक्याखाली, एक पोटाशी धरलेली. वारा तिच्या केसांशी खेळत होता आणि ती तोंड उघडं टाकून झोपली होती. भाऊजी खांब आणि टाकीची रेष सांभाळत बसले होते, आणि डोळे पुसायला हात वर नेतानाही त्यांची नजर तिथून हलत नव्हती. मी पुन्हा पालथा पडलो आणि सुई बघत राहिलो.

जरा वेळाने मागून आवाज आला, झोपेतलाच. "किती झाले?"

"अठ्ठावन्न," मी म्हणालो.

"कुठून मोजलास?"

"बोटीच्या कडीपाशी. मध्ये काही नाही."

"ऊन लागतंय का तुला?"

"लागतंय."

"मग बरोबर आहे," ताई म्हणाली आणि दुसऱ्या कुशीवर वळली.