शामकलाच्या लोट्यातले पऱ्हे

चिचगडच्या चावडीसमोर बायांनी रांगेने आपापले लोटे मांडले होते. प्रत्येक लोट्यात मुळासकट उपटलेले धानाचे चार पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपे, उभे. ऐन रोवण्याचे दिवस, तरी धानाच्या बांध्या सोडून अख्खे गाव तिथे जमले होते. देवकाबाईचे पोर तापाने फणफणले होते, आणि करणी कोणाची ते गावात आलेला अंगारेबाबा सांगणार होता.

बाबाने सकाळीच कमरेच्या थैल्यांतून लोट्यालोट्यात मूठभर अंगारा टाकला. म्हणाला, "जिचे पऱ्हे मान टाकतीन, तिनंच पोराचं रगत पेलं."

दुपारी एकाच लोट्यातले पऱ्हे लोळागोळा झाले. तो लोटा शामकलाचा, देवकाबाईच्या थोरल्या विधवा जावेचा.

देवकाबाईला पटेना. पोराला मांडीवर घेऊन बसायची ती हीच शामकला. पण पऱ्हे तर डोळ्यांदेखत पडले होते. बाबाने बजावले की आईने स्वतः तिला शिवेबाहेर हाकलावे आणि तोवर पोराला औषध देऊ नये. गर्दीतूनही "काढा तिले शिवेबाहेर" असा ओरडा सुरू झाला.

शाळेचे शालीकराम गुरुजी पुढे आले. हे पाणी कोणी चाखले का, त्यांनी विचारले. चाखेल तो रक्त ओकेल, असे बाबाने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून कोणी हलेना. शेवटी देवकाबाईनेच शामकलाच्या लोट्यात बोट बुडवून जिभेला लावले.

"खारट आहे," ती म्हणाली.

"चेटकिनीचे आसू खारटच राहतेत, माय," बाबा म्हणाला.

"मंग कमरेले दोन थैल्या कायले बांधून राहिला?" देवकाबाईने हिसडा मारून दुसरी थैली ओढली. अंगारा कमी, मीठच जास्त. शामकलाच्या लोट्यात याच थैलीतली मूठ पडली होती.

गुरुजींनी मग लोकांना समजावले. रोपाचे अंग बारीक बारीक पेशींचे असते, नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या. पेशीभोवती पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करते, मीठ तसे जात नाही. बाहेर मीठ फार झाले की आतले पाणी बाहेर ओढले जाते. लोणच्यासाठी मीठ लावलेल्या फोडींना पाणी सुटते, तसेच. पेशी ढिल्या पडल्या की रोप मान टाकते. वेळेत गोड्या पाण्यात ठेवले तर सावरते. पण पेशी मेल्या की त्या दुभंगून एकीच्या दोन होत नाहीत, रोपाची वाढ खुंटते.

मग आधी गोड्या पाण्यात ठेवून पाहू, असे कोणी म्हणाले. "पऱ्हे सावरेपर्यंत पोर थांबनार नाही," गुरुजी म्हणाले. "गाडी जुपा."

देवकाबाई जावेपुढे उभी राहिली. "चाल बाई, गाडीत बस."

शामकला बसली. देवरीच्या दवाखान्यापर्यंत पोर तिच्याच मांडीवर होते, पण देवकाबाईकडे तिने एकदाही पाहिले नाही. हिवताप होता; गोळ्यांनी उतरला. पोर वाचले. शामकला मात्र तिथूनच माहेरी गेली, ती परत आली नाही.

बाबा त्याच दिवशी पळाला होता. पण शिवेबाहेर काढा म्हणणारे गावातलेच होते, ते गावातच राहिले. लोकहो, डोळ्यांना दिसले म्हणून खरे मानू नका. ते कशाने झाले ते आधी विचारा. आणि ताप आला तर दवाखाना गाठा.