घाटाखालचा समुद्र

"वीरेश, ऐकतुयास का? उद्या समुद्र खवळणार हाय. किनाऱ्याला वारं लई हाय म्हणं. होडी बाहेर काढायची न्हाय, सांगून ठेवते!"

मल्लव्वा फोनवर बोलत नव्हती, ओरडत होती. कसबा बावड्यातल्या आकारामच्या एसटीडी बूथचं दार कधीच नीट लागायचं नाही, त्यामुळं रविवारी सकाळी बाहेर नंबर लावून बसलेल्यांना अंदमानचं हवामान फुकटात कळायचं.

"मावशी, जरा हळू," आकाराम म्हणाला. "फोन न लावताबी ऐकू जाईल त्याला."

बाहेरचे हसले. मल्लव्वानं तिकडं पाठ केली. "शपथ घे जात न्हाय म्हणून."

"तुझी शपथ, अव्वा. न्हाय जात."

एवढं ऐकलं की तिचा आठवडा सुटायचा. मग जेवलास का, डोक्याला तेल लावतोस का, असले किरकोळ प्रश्न. फोन ठेवून ती पदर सावरत बाहेर यायची ती एखाद्या मोठ्या साहेबिणीसारखी. साहजिकच होतं. एवढ्या मोठ्या समुद्रातली एक होडी तिनं इथून, बावड्यातून, थांबवलेली असायची.

मल्लव्वा मूळची गडहिंग्लजच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. माहेरी सगळं कानडी. लग्न होऊन बावड्यात आली. नवरा बसलिंगाप्पा साखर कारखान्यात. आयुष्यभर मिलच्या घरघरीत उभं राहून त्याच्या कानांनी राजीनामा दिला होता, आणि त्याच्याशी बोलून बोलून मल्लव्वाचा आवाज असा झाला होता. कामगारांच्या एका मेसला ती जोंधळ्याच्या भाकऱ्या करून द्यायची. चुलीच्या वरच्या फळीवर रेडिओ. तो सकाळी रत्नागिरी स्टेशनला लागायचा आणि तिथंच राहायचा. गाणी लागली तर लागली, तिला त्यात रस नव्हता. तिला हवं असायचं ते मच्छीमारांसाठी हवामान. 'समुद्र खवळलेला राहील' एवढं कानावर आलं की थापटणारा हात हवेतच थांबायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. मेसातली पोरं म्हणायची, "आज भाकरी करपलीया, कोकणात वादळ हाय बघा."

ही सगळी उठाठेव लेकासाठी, वीरेशसाठी. शिरोलीकडच्या एका वर्कशॉपात तो इंजिनाचं काम शिकला. कोल्हापूरची इंजिनं कुठं कुठं जातात. त्यातलं एक अंदमानातल्या एका होडीत बसवायचं होतं. होडीच्या मालकानं माणूस मागितला, वीरेश महिन्याभरासाठी म्हणून गेला आणि तिथंच राहिला. होडी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर भाजी, सिमेंट, कुणाची खाट, कुणाची शेळी असं काहीबाही न्यायची. इंजिन वीरेशच्या ताब्यात. मल्लव्वानं समुद्र कधी पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तिच्या लेखी पंचगंगा. पावसाळ्यात नदी चढू लागली, की गल्लीतल्या बायकांबरोबर ती खण-नारळ घेऊन जायची, पाण्याची ओटी भरायची आणि हात जोडून म्हणायची, "बाई, आलीस, भेटलीस, आता मागं फिर." आणि नदी बहुतेक वेळा फिरायचीच.

कोल्हापूरच्या माणसाला समुद्र कुठं आहे म्हणून विचारा, तो झोपेतसुद्धा पश्चिमेला हात करील. गगनबावड्याचा घाट उतरला की समुद्र. पाऊस तिकडून येतो, मासे तिकडून येतात, आंबे तिकडून येतात. आता अंदमानही समुद्रातच आहे म्हटल्यावर ते असणार त्याच पाण्यात, फार तर जरा आत. मल्लव्वाचा हिशोब सरळ होता आणि गल्लीत तो कुणाला चुकीचा वाटला नाही. आकारामला तर नाहीच. "समुद्र काय धा-बारा हाईत व्हय? एकच की," असं तो ठासून सांगायचा.

आणि तिचे इशारे खरेही ठरायचे. आषाढ-श्रावणात कोकणात दर्या फुगतो तसा तिकडंही फुगतोच. पुढच्या रविवारी वीरेश सांगायचा, "बरं झालं अव्वा सांगितलंस, लई पाऊस झाला." मग मल्लव्वा आठवडाभर जमिनीवर नसायची.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. कारखाना सुरू झाला होता, उसाच्या गाड्या रस्त्यानं लागल्या होत्या, आभाळ कसं स्वच्छ होतं. मल्लव्वा बूथमध्ये शिरली ती हसतच.

"आता काय भ्या न्हाय बघ. रेडिओ म्हणतोय, समुद्र शांत. दिवाळी झाल्यावर कसला आलाय पाऊस!"

"हितं जरा लांबडी लाट येतीया, अव्वा. वारं कायच न्हाय, पण लाट हाय. कुठनं येतीया कळंना."

"लाट असायचीच की समुद्राला. न्हायतर त्याला तळं म्हणतील. अरे, पावसाळाभर बसलास, मालक काय म्हणंल? जा. बिनघोर जा. मी सांगते न्हवं?"

तो हसला. त्याचं हसणं बापासारखं, घशातल्या घशात. "बरं. तू म्हणतीस तर जातो."

"जातो न्हवं. येतो म्हण."

"येतो, अव्वा."

पुढचा फोन रविवारी आला नाही, त्याआधीच आला. बूथ तसाच उघडा टाकून आकाराम तिच्या दारात येऊन उभा राहिला. मल्लव्वानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्या माणसाला गंमत केल्याशिवाय बोलता येत नसे, आणि आज त्याला नुसतंही बोलता येत नव्हतं.

"मावशी... वीरेशची होडी... वादळात गावली म्हणं. दोघं वाचलं. आपला वीरेश त्यात न्हाय."

"खोटं हाय," मल्लव्वा म्हणाली. "आजबी रेडिओ ऐकलाय मी. समुद्र शांत हाय." आणि तिनं परातीतलं पीठ मळायला घेतलं.

शोध झाला. देह मिळाला नाही. मठाचा स्वामी येऊन गेला, भाऊबंद जमले. लिंगायतात माणसाला माती देतात, विभूती लावून, बसवून. इथं बसवायला कोण होतं? बसलिंगाप्पा अंगणात बसून राहिला. कुणी काही बोललं तर तो कानाला हात लावून "आं?" करायचा, आणि कुणालाच ते पुन्हा मोठ्यानं सांगवत नव्हतं. शेवटी मल्लव्वाच त्याच्या कानाशी वाकली आणि लेक गेल्याचं तिनं त्याला ओरडून सांगितलं. सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. त्या दुपारी शेजारपाजारच्या चुली पेटल्या नाहीत.

मल्लव्वा रडली, पण रडण्याहून जास्त ती रागावली. तिचा राग रेडिओवर होता. येईल त्याला ती सांगायची, "मला सांगितलं न्हाय त्यानं. एरवी बारक्या वाऱ्याचंबी सांगतंय, आणि एवढं वादळ आलं तवा गप बसलं. का? मला रत्नागिरीला न्या, मी इचारते त्यास्नी." आकाराम मान खाली घालून ऐकायचा. बाकीचेही हो ला हो करायचे, कारण आई कुणावर तरी रागावलेली बरी. ती सकाळी रेडिओ लावायची, हवामान संपेपर्यंत त्याच्याकडं रोखून बघत बसायची आणि खटकन बंद करायची.

संक्रांत झाली आणि एक काळासावळा माणूस पिशवी घेऊन दार विचारत आला. वीरेशच्याच होडीवरचा, वाचलेल्या दोघांतला. नाव पेद्दिराजू. मूळचा आंध्रचा. अंगणात आल्या आल्या तो मल्लव्वाच्या पाया पडला आणि म्हणाला, "अव्वा." त्याला थोडं कानडी येत होतं, वीरेशनंच शिकवलेलं. दोघांचं सगळं बोलणं मग त्या मोडक्यातोडक्या कानडीतच झालं.

पिशवीत वीरेशचे दोन शर्ट होते, दाढीचं सामान होतं आणि त्याचे इंजिनाचे पाने. मल्लव्वानं शर्ट मांडीवर घेतला. तिनं विचारलं ते भलतंच.

"गळ्यात लिंग हुतं का रं त्याच्या?"

"होतं, अव्वा. ते तो कधीच काढायचा नाही."

मल्लव्वानं डोळे मिटले. तेवढं एक बरं होतं.

पेद्दिराजू हळूहळू सांगू लागला. निघाले तेव्हा पाणी तेलासारखं पडून होतं. बंदरावर इशारा लागला तोवर ते दोन बेटांच्या मधल्या उघड्या पाण्यात पोचले होते. मग वारा आला. इंजिनात पाणी गेलं, ते बंद पडलं. वीरेश म्हणाला, चालू करून येतो, आणि खाली उतरला.

"निघायच्या आधी काय म्हणला?"

पेद्दिराजू साधा माणूस होता, त्याला आडपडदा जमत नव्हता. "आम्ही नेहमीसारखं विचारलं, अव्वा काय म्हणते? तुम्ही नको म्हटलं की तो जायचाच नाही. ऊन असो, काही असो. मालक शिव्या द्यायचा, पण हा बसून राहायचा. आम्हालाही सवय झाली होती. त्या दिवशी लाट बघून आमचं मन खात होतं. तो म्हणाला, अव्वा जा म्हणतेय."

मल्लव्वाचा आवाज एकदम चढला. "मी काय मनानं म्हणलं व्हय? रेडिओ म्हणला! तिथं वादळ हुतं, तर हितं घाटाखाली त्यास्नी दिसलं न्हाय?" आणि तिनं पश्चिमेला हात केला, गगनबावड्याकडं.

पेद्दिराजूनं त्या हाताकडं पाहिलं. मग सावकाश पाठ फिरवून त्यानं उलट्या अंगाला हात केला, सकाळी सूर्य उगवतो तिकडं.

"आमचा समुद्र तिकडं आहे, अव्वा. हा वेगळा."

मल्लव्वाचा हात तसाच वर राहिला होता. एकीचा हात इकडं, दुसऱ्याचा तिकडं, मध्ये बसलिंगाप्पा, दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघणारा.

"वीरेशला ठावं हुतं?" तिनं विचारलं, आणि तिचा आवाज इतका लहान झाला की बसलिंगाप्पाला तो ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"होतं."

"मंग मला बोलला का न्हाय त्यो?"

"आम्हीही विचारायचो. तो म्हणायचा, तिला वाटतंय मी घाटाखालीच आहे, हाकेच्या अंतरावर. तसंच वाटू दे. खरं कळलं तर तिला झोप लागायची नाही."

मल्लव्वाचा हात खाली आला. ज्याच्यावर रागवायचं तो रेडिओ फळीवर होता आणि त्याची काही चूक नव्हती. तो त्याच्या समुद्राचं खरं तेच सांगत आला होता. चूक तिची होती, आणि पोरानं ती मायेनं पोटात घातली होती. आता ती ओक्साबोक्शी रडली, लेक गेल्यापासून रडली नव्हती तशी.

पेद्दिराजूला काय करावं सुचेना. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "माझं गाव कृष्णेच्या तोंडाशी आहे, अव्वा. कृष्णा तिथं समुद्राला मिळते. आमच्याच समुद्राला."

बऱ्याच वेळानं मल्लव्वानं डोळे पुसले. "कुठली कृष्णा? नरसोबाच्या वाडीची?"

"तीच असेल. खूप लांबून येते म्हणतात."

"आमची पंचगंगा वाडीला तिलाच मिळती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेद्दिराजूला तिनं भाकरी बांधून दिली आणि आकारामबरोबर स्टँडवर पाठवलं. मग पेटीतला हिरवा खण काढला, नारळ घेतला, मूठभर तांदूळ घेतले आणि राजाराम बंधाऱ्याकडं निघाली. वाटेत बायका कपडे धुऊन परतत होत्या. त्यांतल्या तानाबाईनं विचारलं, "आगं, पूर न्हाय, काय न्हाय, आन् आता कसली ओटी?"

मल्लव्वा थांबली नाही.

बंधाऱ्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले होते. पाणी अडून उभं होतं, फक्त काठालगतच्या एका गाळ्यातून खाली पडत होतं. तिनं काठावर बसून ओटी भरली. हळद-कुंकू वाहिलं, खणावर नारळ ठेवून पाण्यात सोडला. नारळ थोडा तरंगला, हेलकावे खात गाळ्याकडं गेला आणि बरग्याच्या तोंडाशी अडकून बसला. खण त्याला गुंडाळला गेला होता. पलीकडं पाणी वाहत होतं आणि नारळ अलीकडं.

आजवर ती काठावरूनच हात जोडत आली होती. आज तिनं लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली. थंडीतलं पाणी, गुडघ्याच्या वर आलं. दगडाला धरत धरत ती गाळ्यापाशी गेली, खणाची गाठ सोडवली आणि नारळाला हात लावला. नुसता ढकलायचा होता. ढकलताना एक शब्द म्हणायचा होता, तो तिच्या ओठावर आलाही होता.

जा, असं तिला म्हणवेना.

तोंड मिटून तिनं नारळ ढकलला. तो गाळ्यातून खाली पडला, बुडाला, पुढं जाऊन वर आला. मल्लव्वा पाण्यातच उभी राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत, पूर्वेकडं बघत.