सासूचा छल्ला

चाव्यांच्या ज्या छल्ल्याकडे मी लग्न झाल्यापासून बघत आले, तो सासूनं यंदा खंडेनवमीला कमरेचा काढून माझ्या हातात ठेवला. तोवर त्या चाव्यांनी उघडेल असं घरात काहीच उरलं नव्हतं.

सासूच्या जुन्या पेट्या कधीच विकल्या. दाराला लॅच आलं, कपाट स्टीलचं आलं. आणि आता ह्या चार गंजक्या चाव्या! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आमच्या चेंदणी कोळीवाड्यात जिच्या कमरेला छल्ला, तिचं घर. माझ्या मागून लग्न होऊन आलेल्या बायका छल्ला खोचून बाजारात बसायला लागल्या, आणि मी मात्र मीठ काढायचं तरी सासूला, आवडाबाईला, विचारत राहिले. तिनं माझ्यावर कधी भरवसाच ठेवला नाही. हे मला आतून खात आलंय, आणि ते मी लपवतही नाही.

नवमीला आम्ही कोयते, सुऱ्या, होडीची अवजारं पुजतो, त्यांच्याबरोबर चाव्याही. सगळा राग मी त्या चाव्यांवर काढला. चिंच-राखेनं घासल्या, काथ्यानं घासल्या, शेवटी पॉलिश पेपर मारला. लखलखीत झाल्यावर त्यांना झेंडू वाहिला.

माझी सून मेघाली ऑफिसला निघता निघता थांबली. "आई, अशा जुन्या चाव्यांना चांगली किंमत येते. कल्याणला पारनाक्यावर कर्वे म्हणून आहेत, ते बघून सांगतात."

हल्ली ती घरी येते, खोलीचं दार लोटते, संपलं. बऱ्याच दिवसांनी एवढं बोलली होती. तरी मी म्हटलंच, "तुला काय, घरातलं सगळं विकायलाच हवंय."

ती चपला घालून गेली. पण दसरा झाल्यावर मी कल्याण गाठलं, कारण त्या छल्ल्याची काहीतरी किंमत आहे हे मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

कर्वे म्हणजे रिटायर्ड इंजिनिअर. भिंतभर चाव्या टांगलेल्या. त्यांनी माझा छल्ला दिव्याखाली धरला आणि कपाळाला हात लावला.

"अहो बाई, हे काय केलंत तुम्ही? घासल्यात?"

"मग पुजेला काय गंजक्या ठेवू?"

"जुन्या चावीला कधी घासायचं नसतं! तो काळा थर म्हणजे तिच्या वयाचा पुरावा. हल्ली नव्या चाव्या मिठाच्या पाण्यात गंजवून जुन्या म्हणून विकतात, आणि तुम्ही खरी जुनी आणून नवी करून दाखवताय. कारखान्याचा शिक्का होता, तोही पुसलात."

एवढ्या लांब येऊन हात दाखवून अवलक्षण. मला वाटलं, छल्ला उचलावा आणि तडक निघावं. पण त्यांचं सुरूच होतं. ही भरीव दांड्याची, म्हणजे दाराची. ह्या दोन पोकळ नळीच्या, म्हणजे पेटीच्या, कुलपातली खीळ त्या नळीत बसते. तिघींची किंमत आता भंगाराची. चौथीपाशी मात्र ते थबकले. भिंग काढलं.

"ही तुम्ही नाही घासलेली. म्हणजे वरून घासलीत, पण हिचे मधले दात कुणीतरी फार पूर्वी कानशीनं काढून टाकलेत. फक्त टोकाचा दात ठेवलाय. कुलपाच्या आत पट्ट्या असतात, चुकीची चावी त्यांना अडते. हिला अडण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. ह्या जातीच्या कुठल्याही पेटीला लागेल. मास्टर कीच म्हणा. ही मी घेईन, बोला."

मी छल्ला त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"विकायची नाही," म्हटलं, आणि स्टेशनला रिक्षा केली.

माझ्या माहेरची पेटी अजून माळ्यावर आहे. करंजाहून लग्नात आणलेली, सागवानी. तिची चावी मी मंगळसूत्रात अडकवून झोपायचे. दुसरी चावी जगात नाही, असं समजून. पेटी खाली ओढली, सासूची चौथी चावी घातली आणि फिरवली. लोण्यात सुरी जावी तशी फिरली.

आवडाबाई ओटीवर बसली होती. डोळे आता जवळजवळ गेलेत, कान शाबूत आहेत. चावी मी तिच्या मांडीवर आपटली.

"माझी पेटी उघडायचीस तू?"

तिनं चावी चाचपली. "उघरायची. तुज्या सासऱ्यान कानस मारून दिलती."

"लाज नाही वाटली? काय चोरलंस?"

"काय हुता त्यात चोरासारका? दोन लुगरी न आयशीचा फोटू." ती जराही हलली नाही. "गाठोरा बांधलेला हाय का, त्या बघायची."

 त्या गाठोड्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. नव्या नवलाईच्या त्या दिवसांत डोक्यावरून पाणी गेलं की मी दोन साड्या आणि आईचा फोटो फडक्यात बांधून पेटीत वर ठेवायचे. उद्या सकाळी करंजा. आणि नेमकी त्याच दिवशी म्हातारीला काय व्हायचं देव जाणे, सरंगा माशाची मधली, सगळ्यांत चांगली तुकडी माझ्या ताटात पडायची. "बस जरा, दमलीस," म्हणायची. मी चरफडत गाठोडं सोडायचे. म्हातारी लहरी आहे, एवढंच मला वाटायचं.

"मग बाकीच्या दिवशी गोड बोलायला काय झालेलं तुला?" मी ओरडलेच.

"बाकीच्या दिशी तू कुठं जात हुतीस?"

 इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं.

"छल्ला उगाच नाय दिला," ती म्हणाली. "मेघाली गुमान झालीय. मना आता दिसत नाय. तू बघ."

मेघालीचं कपाट नंबरावर उघडतं. तिथं ही चावी काय कामाची! संध्याकाळी ती आली, नेहमीसारखं दार लोटलं. मी दारापाशी उभी राहिले. वाळत घातलेल्या कपड्यांवरून तिला काहीतरी सुनवायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते गिळलं.

"मेघाली, सरंगा आणलाय. मधली तुकडी तुला तळते."

दार उघडलं. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. "काय झालं, आई?"

"मला काही झालं नाही. तू कुठं जायच्या विचारात आहेस का, तेवढं सांग."

 ती पलंगावर बसली, शेजारचा बॅगेत भरायला काढलेला कपड्यांचा ढीग बाजूला सारला आणि मला बसायला जागा केली.