आपलं शिबिर येतंय

“अण्णांचाच आवाज लावतो, ताई. दुसऱ्या कुणी सांगितलं तर गावाला खरं वाटायचं नाही,” असे म्हणत संग्रामने अंगणातूनच मोबाइल वर धरला. मागे रिक्षा उभी होती, टपावर भोंगा बांधलेला. घरात अण्णा पहाटे गेले होते, त्यांना नुकतेच जमिनीवर घेतले होते. आई त्यांच्या उशाशी बसली होती.

संग्राम हा अण्णांच्या पक्षाचा गावातला माणूस. त्याने मोबाइलवर बोट टेकवले. “नमस्कार अर्नाळकर…” माझ्या वडिलांचा खणखणीत आवाज घरभर पसरला आणि आईने डोळे मिटले. मी ते रेकॉर्डिंग ओळखले. पुढचे वाक्य यायच्या आत बाहेर जाऊन मी मोबाइलवर हात ठेवला.

अण्णा बर्फाच्या कारखान्यात कामाला होते, पण गाव त्यांना ओळखायचे ते आवाजावरून. जत्रा, टँकरची वेळ, चुकलेले मूल, कुणाचे मरण, सगळे ते रिक्षातून सांगत फिरायचे. अण्णा डावखुरे, म्हणून डाव्या हातात माईक आणि शेजारी नेल्सनकाका. दोघे लहानपणापासून एका होडीवर गेलेले. मरणाची बातमी अण्णा इतक्या सावकाश, इतक्या मानाने सांगत की लोक हातातले काम ठेवून दारात येत. निवडणुकीपुरते ते पक्षाचे, बाकी वर्षभर गावाचे. निदान मला तसे वाटायचे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत शाळेत लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा फाटकावर दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याचा भला मोठा फलक लागला. लस सरकारची, चेहरा त्याचा. सुई घेऊन बाहेर आलेल्या प्रत्येकाला त्या फलकापुढे उभे करून फोटो काढत. आमच्या पक्षाला ते झोंबले. त्यांनी अण्णांना रिक्षात बसवले.

“त्यांच्या फोटोखाली बाही वर करू नका. आपलं शिबिर येतंय. थोडं थांबा,” अण्णा सांगत फिरले. त्यांची सुई टोचून घेतलीत तर मतही आपोआप तिकडेच पडेल, अशी पुस्तीही जोडत. लोक हसायचे, आणि थांबायचे.

अण्णा मात्र थांबले नव्हते. आईला घेऊन ते बोरिवलीला मामाकडे गेले आणि दोघेही लस घेऊन गुपचूप परतले. हे आईने मला फार उशिरा सांगितले, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता.

आपले शिबिर पावसाळ्यात आले. त्याआधीच, शिबिरासाठी थांबलेले नेल्सनकाका करोनाने गेले. इस्पितळातून त्यांना थेट दफनभूमीत नेले, घरी आणू दिले नाही. त्यांच्या बायकोने, रोझलीनमावशीने, अण्णांना निरोप पाठवला की तो दिसायचा नाही, निदान गावाला त्याचे नाव तरी ऐकू दे. अण्णा रिक्षात बसले. रिक्षा चर्चपर्यंत गेली आणि परत आली. भोंग्यातून एक शब्द निघाला नाही. त्यानंतर त्यांनी माईक कधी धरला नाही. जिवाभावाचा मित्र गेला, बिचाऱ्याने धसका घेतला, असे गाव म्हणायचे. आम्ही गावाला तसे म्हणू दिले.

“आता कसलं काय ते, ताई,” संग्राम म्हणाला. “ते लोक पण आता आपल्यातच आहेत.”

ते खरे होते. गेल्या निवडणुकीत दोन्ही पुढारी एकाच फलकावर हात जोडून उभे होते. अण्णांच्या आवाजाचे तेवढे एकच चांगले रेकॉर्डिंग आहे, शिबिराचा भाग कापून टाकतो, असे तो मला समजावत होता. एवढ्यात त्याची नजर माझ्या मागे गेली आणि त्याने मोबाइल खाली घेतला. रोझलीनमावशी परसदाराने आली होती.

ती आवाज ऐकूनच आली असणार. मी तिचा हात धरला. “मावशी, अण्णांनी तेव्हा…”

“मला म्हायती हाय,” ती म्हणाली.

लोकांना थांबायला सांगत फिरायच्या त्या दिवसांत एका संध्याकाळी अण्णा डावा दंड धरून तिच्या घरी गेले होते. बर्फाची लादी लागली म्हणाले. नेल्सनकाकांनी त्यांना बाम चोळून दिला. हात वर जात नव्हता म्हणून रिक्षात त्यांच्या तोंडापुढे माईकही काकांनीच धरला. मावशी हे सगळे शांतपणे, बाजारातली हकिकत सांगावी तसे सांगत होती.

“मंग नेल्सन गेल्यावर मी सुई घेतली. माजा हात तसाच दुखला. त्याच जागी. तवा समाजलं.”

मला वर बघवेना. तेव्हापासून ती रोज मासळीची पाटी घेऊन आमच्या दारावरून जात होती. तिची हाक ऐकू आली की अण्णा उठून आतल्या खोलीत जायचे.

ती संग्रामकडे वळली. “त्याचा आवाज नको लावू. तू बोल. नुसतं नाव सांग, आनि कवा न्यायचा त्ये सांग. माज्या मानसाचं नाव कोनी सांगितलं नाय. याचं सांगा.”

संग्रामने मोबाइल खिशात टाकला आणि माईक घेतला. रिक्षा निघाली. अडखळत्या, कोरड्या आवाजात अण्णांचे नाव चर्चच्या दिशेने जाऊ लागले.

मावशी आत जाऊन आईशेजारी बसली. अण्णांचा डावा हात चादरीबाहेर राहिला होता. मावशीने तो उचलून आत घेतला, चादर खांद्यापर्यंत ओढली. चादरीवरून तिचा तळवा थोडा वेळ त्या दंडावर तसाच राहिला.

आईने तोंड भिंतीकडे केले.