रुमालाखालची दीर्घिका

अमृतरावांच्या पोटात बातमी फार तर चहा गार होईपर्यंत टिकते, असं देवणीत म्हणत. अमृतरावांना हा अन्याय वाटे, पण बोलण्यात तथ्य होतंच, कारण चहा ते गरमच पीत.

कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, ही खबर त्या घरातल्या म्हातारीला कळायच्या आधी अमृतरावांकडून बाजारात पोचलेली असे. पण त्याच बाजारात ते बैलांचे दलाल होते, आणि तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारचा माणूस नुसता चेहरे न्याहाळत राहतो. रुमालाखालचा आकडा अमृतरावांनी उभ्या हयातीत बायकोलाही सांगितला नव्हता. जबान सैल, हात पक्का. लोक दोन्ही बाजू मांडून बघत आणि बाकी त्यांच्या नावे जमाच काढत.

अशा माणसाला लातूरहून धाकट्या भावानं, शिवशंकर मास्तरांनी, फोन केला. "दादा, आपल्या ऋतुजानं काहीतरी मोठं शोधलंय. अवकाशात ती जेम्स वेब दुर्बीण आहे ना, तिच्या फोटोत. विश्वातली सगळ्यात जुनी दीर्घिका असंल म्हणतात. कुणाला बोलू नको."

मास्तर शिकवण्यात हुशार होते, पण भाऊ ओळखण्यात कच्चे. शेवटचं वाक्य त्यांनी बोलायलाच नको होतं.

अमृतराव तडक उदगीरला गेले आणि फ्लेक्स छापणाऱ्या आनंदराजला मजकूर सांगितला: 'विश्वातील सर्वांत जुनी दीर्घिका शोधणारी आमची लाडकी पुतणी कु. ऋतुजा हिचे हार्दिक अभिनंदन.' मध्ये ऋतुजाचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून स्वतःचा. शुभेच्छुकाचा फोटो थोडा मोठा निघाला, कारण तो चांगला आला होता. आनंदराजनं जुळवाजुळव करून नमुना मोबाइलवर पाठवला. अमृतरावांनी तो कौतुकानं पुतणीलाच पुढे धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा नांदेडहून देवणीत हजर. ती तिथल्या विद्यापीठात चंद्रप्रभा मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होती. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिनं या काकांच्या मागं बाजारात हिंडून काढलेल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "काका, फ्लेक्स लागला का?"

"उद्या लावून राहिलाय. उदगीरच्या चौकातली जागा धरली."

"लावू नका. ती खरी की खोटी, अजून ठरायचंय."

"अगं, फोटोत दिसली म्हणतात ना?"

"लाल ठिपका दिसला." ती ओसरीवर बसली. "दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा कळप समजा. कळप जितका लांब, तितका त्याचा उजेड आपल्याकडं यायला वेळ लागतो, आणि वाटेत तो ताणला जाऊन लाल होतो. म्हणून लई लाल म्हणजे लई लांबचा, लई जुना. पण कळपात धूळ असली तरी तो लालच दिसतो. मग जवळचाही लांबचा वाटतो."

"बाजारात म्हातारा बैल शिंगं रंगवून तरणा म्हणून आणतात तसं."

"व्हय. तर आता दुर्बीण त्याच ठिपक्याकडं परत बघणार. उजेडाची फोड करून वर्णपट काढणार. तेव्हा वय कळंल. पुढच्या महिन्यात."

"मग महिनाभर आधी आनंद केला तर बिघडलं कुठं?"

"काका, माझा पहिलाच शोधनिबंध हाय. सोबत देशोदेशीची माणसं हायत. आत्ता बोभाटा झाला आणि ठिपका धुळीचा निघाला, तर ते म्हणतील ह्या पोरीच्या पोटात काही राहत न्हाई. पुन्हा कोण मला संगं घेईल?"

अमृतराव दुखावले. "मी कुणाला सांगतो का?"

आतून त्यांच्या बायकोचा, सरजाबाईंचा, हसण्याचा आवाज आला. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "न्हाई तर. सांगायला माणूस गावात उरला तर पायजे."

ऋतुजा उठली. खुंटीवरचा काकांचा रुमाल काढला, त्यांचा उजवा हात धरला आणि वर रुमाल टाकला. आत तिनं पंजा दोनदा दाबला, मग तीन बोटं धरली, मग चौथ्याचं अर्धं पेर.

अमृतरावांचा चेहरा बदलला. तो बाजारातला चेहरा झाला, ज्याच्यावर माशीसुद्धा काही वाचू शकत नाही.

"साडेतेरा," ते हलक्यानं म्हणाले. "हजार?"

"एकेक बोट शंभर कोटीचं. साडेतेराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड. आता सौदा रुमालाखाली हाय, काका. मी उघडते म्हणेपर्यंत उघडायचा न्हाई."

"बाई," अमृतराव म्हणाले, "तू मला लई वाईट जागी धरलंस."

फ्लेक्स मात्र त्यांच्यानं सुटला नाही. फोटो इतका बरा आलेला, तो वाया कसा घालवायचा? त्यांनी आनंदराजला मधला मजकूर काढायला लावला. आनंदराज म्हणाला, "मग अभिनंदन कशाचं, काका?" अमृतरावांनी विचार केला आणि तसंच लिहायला सांगितलं. चौकात फ्लेक्स लागला: 'कु. ऋतुजा हिचे हार्दिक अभिनंदन. कारण : लवकरच.'

एवढं वाचलं गेलेलं अक्षर उदगीरच्या चौकात आजवर लागलं नसेल. कुणी म्हणालं, लग्न ठरलं. कुणी म्हणालं, मग नवरदेवाचा फोटो कुठाय? पोरगी तहसीलदार झाली अशी बातमी निलंग्यापर्यंत गेली आणि तिथून दोन स्थळं चालून आली. ऋतुजानं फ्लेक्सचा फोटो पाहिला, कपाळाला हात लावला आणि मॅडमना दाखवला. मॅडम म्हणाल्या, "यात गुपित फुटलेलं नाही. उलट आपल्या कामाची इतकी उत्सुकता मी कधी पाहिली नव्हती."

हाल झाले ते अमृतरावांचे. बाजारात दुसरे दलाल मल्लिनाथ रोज टोचून बघत.

"अमृतराव, कारण पिकलं का न्हाई अजून?"

"पिकंल."

"आम्हाला वाटलं, तुम्हालाच ठाऊक न्हाई. पोरीनं तुम्हाला सांगितलंच नसंल. तुमची ख्याती तिलाबी ठाऊक असंल की."

हा घाव वर्मी होता. शब्द अमृतरावांच्या दातांपर्यंत आला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल हातात घेतला, चुरगाळला आणि समोरच्या खोंडाला विनाकारण थोपटलं. घरी येऊन ते थेट गोठ्यात गेले, आपल्या देवणी गायीच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगून टाकलं. गायीनं कान झाडला. सरजाबाई दारातून म्हणाल्या, "ती तरी कुणाला बोलणार न्हाई ना?"

महिना सरला. बाजाराच्या दिवशी भर दुपारी, कडबा, धूळ आणि हंबरण्याच्या गर्दीतून ऋतुजा चालत आली. तिनं हात पुढं केला. अमृतरावांनी रुमाल टाकला.

पंजा दोनदा. मग दोन बोटं. मग अर्धं पेर.

त्यांनी पुन्हा बोटं चाचपली. तिसरं काही सापडलं नाही.

"घसरलं," ते म्हणाले.

"शंभर कोटी वर्षांनी. धूळच होती, काका."

"म्हंजे म्हातारं म्हणून धरलं आणि तरणं निघालं? मग तोटा कसला? आमच्यात त्याचा भाव वाढतो."

"आमच्या बाजारात म्हाताऱ्याला भाव हाय."

"उलटाच कारभार." त्यांनी तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. उतरलेलं नव्हतं. "मग तुझा तो निबंध?"

"तो येणार. धुळीचा ठिपका जुन्या ठिपक्याचं सोंग कसं घेतो आणि त्याला कसं ओळखायचं, तेच लिहिलंय. संगतीच्या माणसांनी मला पुढच्या कामातबी धरलंय. असल्याच दुसऱ्या एका ठिपक्याची ज्यांनी आधीच बोंब मारली, ती मंडळी आता सारवासारव करून राहिलीत. आपण गप्प होतो." तिनं रुमालाखालीच त्यांचा हात दाबला. "सौदा उघडला, काका. आता सांगा कुणाला सांगायचं ते."

अमृतराव दम घेऊन वळले. मल्लिनाथ दोन बैलांपलीकडं कान टवकारून उभेच होते. अमृतरावांनी त्यांना उजेड, धूळ, वर्णपट सगळं सांगितलं, शंभर कोटी वर्षांसकट. चहा मागवला, तो गार झाला तरी ते बोलतच होते.

मल्लिनाथांनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजे तुम्हाला पयल्यापासून ठाऊक होतं?"

"पयल्यापासून."

"आणि महिनाभर बोलला न्हाई?"

"न्हाई."

मल्लिनाथांनी उरलेला गार चहा एका घोटात संपवला. दीर्घिकेचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. "हे मात्र फ्लेक्सवर लिवण्यासारखं हाय," ते म्हणाले.

संध्याकाळी ऋतुजाला नांदेडच्या गाडीत बसवायला काका-काकू दोघंही स्टँडवर आले. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला. अमृतरावांनी सवयीनं वर रुमाल टाकला. आत काहीतरी दाबलं गेलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा बाजारातला झाला.

गाडी हलली. सरजाबाईंनी विचारलं, "काय म्हणाली पोरगी?"

"काही न्हाई," अमृतराव रुमाल खांद्यावर टाकत म्हणाले. "गाडीला गर्दी लई हाय म्हणाली."