उतारावरचं लोखंड

“घाटानं जायाचं न्हाय म्हणजे न्हाय!” सयाजीनं चहाची बशी आपटूनच खाली ठेवली. “तुला हिंडायचंच हाय न्हवं? मग नरसोबाच्या वाडीला जाऊ. दत्ताचं दर्शन हुईल आणि रस्ताबी सपाट हाय.”

“आबा, सपाट रस्ता बघायला कोण जातंय व्हय?” संयोगिता मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा करत म्हणाली. “हे बघा. सहाला निघायचं. मलकापुरात नाष्टा. आठ-साडेआठला आंब्याला. तिथनं घाट उतरून खाली साखरप्याला चहा प्यायचा, की परत वर. मीच चालवतो की गाडी.”

संयोगिता हायस्कूलला विज्ञान शिकवायची. दोन महिन्यांपूर्वी तिनं जुनी का होईना, पण गाडी घेतली होती आणि तेव्हापासून आईवडिलांना आंबा घाट दाखवायचा तिनं ध्यासच घेतला होता. कुठल्या वळणावर गाडी उभी करायला जागा आहे, धुकं किती वाजता उठतं, सगळं तिनं कागदावर मांडलं होतं. विमलाबाईंनी तर धपाटी करायची का दशम्या, इथवर विचार नेला होता. आडवा येत होता तो एकटा सयाजी, आणि कारण विचारलं की पुन्हा नरसोबाची वाडी काढायचा.

तसा हा माणूस भित्रा नव्हता. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एकतीस वर्षं त्यानं भट्टीशेजारी काढली होती. तिथं ट्रकच्या आणि बसच्या चाकांत बसणारे ब्रेकचे ड्रम ओतायचे. ओतलेला ड्रम गार झाला, साफ झाला की सयाजीपुढं यायचा. आकड्याला टांगलेल्या ड्रमवर तो छोट्या हातोडीचा एक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. ठणठणीत वाजला की पास. आत कुठं केसाएवढी चीर असली की आवाज बद्द यायचा, मग ड्रम बाजूला. नवे इंजिनिअर यायचे, हसायचे, हुज्जत घालायचे. मग ड्रम फोडून बघायचे आणि गुमान हातात चहा आणून द्यायचे. खंडेनवमीला बाकीचे पान्ह्यांची, पकडींची आरास मांडायचे. सयाजी तेवढी एक हातोडी पुसून ठेवायचा आणि तिच्यावर झेंडूचं फूल. बाजारात गेला तरी टिचकी मारल्याशिवाय हा पातेलं घेत नसे, आणि भांडीवाल्यांना ह्याचा धाक वाटे! आयुष्यात त्यानं मिरवलं असेल तर ते एवढंच.

यंदा दसरा झाला आणि कंपनीत डॉक्टर आले. सगळ्यांचे कान तपासले. सयाजीचा उजवा कान जवळजवळ गेलेला, डावाही उतरणीला लागलेला. कधीपासून, असं त्यानं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, हळूहळू जातं हो, माणसाला स्वतःला कळत नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला मानानं स्टोअरमध्ये बसवलं. घरी त्यानं सांगितलं, बढती झाली. पण त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी संयोगिता अंगणात टायरची हवा बघत होती. सयाजी शेजारी येऊन उकिडवा बसला.

“संयू, माझा कान गेलाय.”

“म्हाईत हाय की. टीव्ही केवढ्यानं लावतासा.”

“तसं न्हवं गं. कधी गेला ते कुणालाच म्हाईत न्हाय. वरीस झालं, का दोन वरसं? तेवढ्यात किती ड्रम ठोकून सोडले मी! खरंच ठणठणीत वाजलं, का सवयीनं तसं ऐकलं?”

“मागनं मशीनवरबी तपासत्यात न्हवं? आजवर एक तरी ड्रम परत आला का?”

“दरीतनं कोण परत धाडतंय?”

संयोगिता टायर सोडून त्याच्यासमोर बसली. बापाच्या मनात हे घर करून बसलं होतं आणि आपण नकाशे दाखवत बसलो, याचं तिला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, “मग तर घाटच. तुम्ही डोळ्यांनी बघितल्याबिगर हे सुटायचं न्हाय.” आत जाऊन तिनं कागदावरचा साखरप्याचा चहा खोडला आणि तिथं लिहिलं, आबा म्हणतील तिथं थांबायचं.

रविवारी सकाळी आंबा गाव मागं पडलं आणि एका वळणावर जमीन एकदम संपली. संयोगितानं गाडी कडेला घेतली. सयाजी खाली उतरला आणि उभाच राहिला. डोंगरामागं डोंगर, त्यांच्या पोटात अडकलेलं धुकं, आणि खाली, नजर पोचणार नाही इतक्या खाली, कोकण. जन्म कोल्हापुरात गेला, पण इथवर यायला त्याला कधी सवड झाली नव्हती. एवढं खोल असतं? एवढ्या खोल माणसं रोज उतरतात?

वरून एक लादलेला ट्रक आला. तापलेल्या ब्रेकचा जळका वास आला आणि सयाजीच्या अंगावर काटा उभा राहिला. चाकाच्या आत काय चाललंय ते त्याला बाहेरून दिसत होतं. लोखंड तापतंय, फुगतंय, सगळं वजन अंगावर घेतंय आणि धरून ठेवतंय. एवढा मोठा डोंगर, एवढा माल, आणि मध्ये बोटभर जाडीचं लोखंड. त्यानं ते फक्त गार झालेलं पाहिलं होतं. ते इथं येऊन एवढं काम करतं, हे त्याला ठाऊक असून ठाऊक नव्हतं. ट्रक वळला, खालच्या रस्त्यावर दिसला, पुन्हा वळला, काडेपेटीएवढा झाला आणि सुखरूप झाडीत शिरला. तोवर सयाजीनं श्वास सोडला नव्हता.

मग टँकर. मग लग्नाचं वऱ्हाड. एकेक गाडी तळाला लागेपर्यंत तो बघायचा, मग वर तोंड करून पुढची शोधायचा. “धपाटं तरी खावा की वो,” विमलाबाई म्हणत होत्या, त्याचं लक्षच नव्हतं. तास गेला. यानं काही सिद्ध होत नाही, हे त्याला कळत होतं. तरी पाय निघत नव्हता.

एसटी आली. वळणावर ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि सयाजीकडं बघून एक हात कपाळाला लावला. मागच्या खिडकीतल्या म्हातारीनं हात जोडले. तिच्या मागच्या बाईनं मांडीवरच्या पोराचे हात धरून जोडायला लावले. खिडकीमागून खिडकी, अख्खी एसटी हात जोडत उतरत होती. सयाजीला वाटलं, हे आपल्यालाच. त्यानं गडबडीनं हात वर उचलले.

“आबा,” संयोगिता त्याच्या डाव्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “मागं देव हाय.”

त्यानं वळून पाहिलं. झाडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड, पुढं वाळकी फुलं. सयाजी चांगलाच ओशाळला. दोन पावलं बाजूला सरला आणि बायकोला म्हणाला, “तूबी सर गं हिकडं. लोकांचा नमस्कार अडतोय.”

वरून पुढची गाडी आली. ड्रायव्हरनं दगडाकडं बघून कपाळाला हात लावला. कडेला सयाजी हात जोडून उभा होता. त्याचं तोंड चाकांकडं होतं.