डावं-उजवं

मॅडम पोटावर फिरवायचा तो प्रोब हातातून सोडतील तर शपथ! सोनोग्राफी शिकणाऱ्या पोरांना शेवटच्या वर्षी दवाखान्यात इंटर्नशिप करावी लागते, आणि तिचा नियम अगदी सोपा आहे. पोराने स्वतःच्या हाताने पेशंट तपासायचा आणि सिनियरने मागे उभं राहून बघायचं. पण त्या खोलीत नियम मॅडमचा चाले. मॅडम तपासणार आणि इंटर्न पोरगी जेलच्या बाटल्या गरम करणार, पेशंटचं पोट पुसणार, टॉवेलच्या घड्या घालणार. रिसेप्शनवरच्या बाया तर तिला जेलवाली म्हणूनच हाक मारायच्या. तिला राग यायचा, पण चूक त्यांची तरी काय? दुसरं काही करताना त्यांनी तिला कधी बघितलंच नव्हतं.

तेवढंच असतं तर तिने गिळलंही असतं. घरी आत्या रोज बजावायची, "तोंडाला कुलूप लाव गं बाई. पास हो आणि मग घाल काय शिव्या घालायच्या त्या." जेलवाली गप्प बसायची. मग ते पित्ताशयाचं प्रकरण झालं.

मॅडमना एका नजरेत निदान करायचा भारी सोस. प्रोब पोटावर आडवा टेकवायचा, एकदा फिरवायचा, की झालं. "मला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही," हे त्या दिवसातून दहादा ऐकवायच्या. तर अशाच एका नजरेत त्यांना एका म्हाताऱ्या बाईच्या पित्ताशयातला खडा दिसला नाही. बाई आठवड्याने तापाने फणफणत परत आली आणि मोठे डॉक्टर खवळले. तेव्हा भर वॉर्डात, नर्ससमोर आणि त्या बाईच्या लेकासमोर, मॅडमनी जेलवालीकडे बोट दाखवलं. "त्या दिवशी इंटर्नने तपासलं होतं. मी नुसतं वरवर पाहिलं."

तपासलं होतं म्हणे! प्रोबला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं त्या दिवशी. पण इंटर्नचं ऐकतो कोण? कॉलेजच्या सरांनी बोलावून तंबी दिली की आणखी एक तक्रार आली तर वर्ष गेलं म्हणून समज. त्या रात्री ती जेवली नाही. आत्याने विचारलं तर म्हणाली, "मला भूक नाही. मला त्या बाईचं तोंड काळं झालेलं बघायचंय." आत्याने कपाळाला हात लावला.

आता शेवटची परीक्षा आली. तिची रीत अशी की कॉलेजचे सर येणार, आधी सिनियर पेशंट तपासणार, मग तोच पेशंट विद्यार्थी तपासणार, आणि दोघांचं निदान जुळलं तर पोरगी पास. जुळलं नाही तर चूक कोणाची धरणार हे सांगायला नको.

जेलवालीने डोकं चालवलं. मशीनवर एक बटण असतं. ते दाबलं की पडद्यावरचं चित्र आरशातल्यासारखं फिरतं आणि पेशंटची डावी बाजू उजवीकडची होऊन बसते. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका तेवढा जागा बदलतो. तो ठिपका कोण बघतंय! म्हणून तर पहिल्याच वर्षी शिकवतात की पेशंटला हात लावण्याआधी प्रोबच्या एका कडेला बोट लावा आणि पडद्यावर कुठल्या बाजूला हलतंय ते बघा. पोरं हे इमानेइतबारे करतात. मॅडम हसायच्या. "बोटं लावत बसायला मी काय कालची आहे?"

परीक्षेच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. खोलीत कोणी नव्हतं. तिने बटण दाबलं. ते मशीन जुनं होतं, एकदा दाबलेलं कोणी परत दाबेपर्यंत तसंच राहायचं. जीव असा निवला की बस्स. मग ती सरांना आणायला खाली फाटकापाशी जाऊन उभी राहिली. सर नेहमीसारखे उशिरा आले.

पेशंट होती एक शिंपीणबाई. ओटीपोटात जड वाटतं म्हणून आली होती. या तपासणीला लघवीची पिशवी भरलेली लागते, त्यामुळे ती बिचारी बाटलीभर पाणी पिऊन खुर्चीत चुळबुळत होती. "लवकर करा हो, नाहीतर इथेच तळं होईल," ती म्हणाली. सरसुद्धा हसले.

मॅडमनी प्रोब आडवा टेकवला, एकदा फिरवला आणि उचलला. "उजव्या ओव्हरीवर गाठ आहे. साधी, पाण्याची. सर, मला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही." मग जेलवालीकडे न बघता प्रोब पुढे केला. "घे. चुकू नकोस, एवढंच सांगते."

अख्ख्या इंटर्नशिपमध्ये पहिल्यांदा प्रोब तिच्या हातात आला होता. तिने मुद्दाम वेळ घेतला. जेल लावलं. मग सरांना नीट दिसेल असं वळून प्रोबच्या कडेला बोट लावलं. पडद्यावर भलतीच बाजू हलली.

"सर," ती किती साळसूदपणे बोलली म्हणता, "हे चित्र उलटं आहे वाटतं."

सर चष्मा सावरत पुढे झाले. तिने पुन्हा बोट लावून दाखवलं, बटण दाबून चित्र सरळ केलं आणि पुस्तकात सांगितलंय तसं पोट तपासलं, आधी आडवं, मग उभं, मग पुन्हा आडवं. गाठ डावीकडे होती. डावीकडे! "मॅडम उजवी म्हणाल्या," तिने वर आणखी मीठ चोळलं.

सरांचा चेहरा कडक झाला. "मॅडम, पहिल्या वर्षाची पोरं हे बघतात. तुमच्याकडे आमची मुलं पाठवावीत की नाही, याचा विचार करावा लागेल मला." शिंपीणबाई बावरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. जेलवालीचं काळीज सुपाएवढं झालं. भर वॉर्डात दाखवलेल्या त्या बोटाची पुरती परतफेड झाली होती. आता मॅडमचं तोंड पडेल आणि ते आपण डोळे भरून बघू, म्हणून तिने मान वर केली.

मॅडम सरांकडे बघतच नव्हत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि नजर मशीनवर खिळली होती.

"कधीपासून?" त्या म्हणाल्या. "हे कधीपासून उलटं आहे?"

मॅडमनी त्या बटणावर बोट ठेवलं.

"सकाळी एक मुलगी तपासलीय मी. तू खाली होतीस तेव्हा. पोटात कळा येत होत्या, धड बोलता येत नव्हतं. ओव्हरीला पीळ पडलाय, उजवीकडे, असं सांगून मीच ऑपरेशन थिएटरात पाठवलीय तिला. तेव्हा हे सरळ होतं की उलटं?"

सर म्हणाले, "ते आता कोण सांगणार?"

सांगणारी तिथेच उभी होती. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. तिचं वर्ष वाचलं असतं आणि मॅडम गाळात गेल्या असत्या. हवं होतं ते सगळं हाताशी आलं होतं, नुसतं तोंड बंद ठेवायचं होतं. पण शब्द आपोआप बाहेर पडला.

"सकाळपासून."

मॅडमनी फोनवर झडप घातली. "थांबवा! त्या मुलीला चाकू लावू नका! बाजू चुकलीय, माझी चूक आहे, मी मशीन घेऊन येते." मग दोघींनी मिळून ते अवजड मशीन बोळातून ढकलत नेलं. थिएटरात मुलगी भूल देऊन टेबलावर निजवलेली होती आणि सर्जन हातमोजे घालून खोळंबला होता. मॅडमनी आधी कडेला बोट लावलं, मग तपासलं, मग पुन्हा तपासलं. पीळ डावीकडे होता. सर्जन काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅडमनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

बाहेर आल्यावर त्यांनी जेलवालीला भिंतीशी गाठलं. आवाज अगदी हळू होता.

"सकाळपासून हे तुला कसं ठाऊक?"

"सरांना सांगा," जेलवाली कशीबशी म्हणाली. "काढून टाका मला."

"काढून टाकू? म्हणजे घरी जाशील, चार दिवस रडशील आणि विसरशील. इतकी स्वस्तात नाही सोडणार तुला." मॅडमनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच बाकड्यांपाशी नेलं. तिथे एक बाई पदर तोंडात धरून बसली होती. मॅडमनी तोंडभर हसू आणलं. "ताई, तुमची लेक आता सुरक्षित आहे. मशीनमधली चूक या मुलीने पकडली बघा. ही नसती तर भलतंच झालं असतं."

ती बाई उठली. आधी तिला बोलताच येईना. मग तिने जेलवालीचे दोन्ही हात घट्ट धरले, कपाळाला लावले आणि हमसून हमसून रडायला लागली. "कुठल्या जन्मीचं नातं गं तुझं माझं! माझ्या लेकीचा जीव वाचवलास तू. तुझं नाव सांग, पोरी. आयुष्यभर तुझं नाव घेईन मी."

जेलवालीने मॅडमकडे बघितलं. मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "ताई विचारताहेत."